दोन्ही पाय दाखवा

ये गं, जवळ ये. लांबून बोललेलं मला ऐकू येत नाही आणि लांबून सांगायलाही जमत नाही. तू म्हणशील, मावशी, मी माजिवड्याला, तू कळव्याला, जवळ येऊ कशी? तेच तर म्हणते मी. मधे खाडी आहे, समुद्र नाही. खाडीवर पूल आहे, पुलावरून रिक्षा येते. पण तू येणार नाहीस. तू फोटो पाठवणार.

काल मी भाजी निवडत बसलेले, तर फोन टुणटुण वाजला. बघते तर तुझ्या रक्ताचा रिपोर्ट, तोही घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर. खाली तू लिहिलंस, ‘डी-डायमर वाढलंय, म्हणजे रक्तात गुठळी आहे का?’ पुढे रडका चेहरा. तुझ्या मामाने लगेच जोडलेले हात पाठवले. मामीने हळदीच्या दुधाचं चित्र पाठवलं. पाय दुखतोय का, दम लागतोय का, ही तपासणी सांगितली कोणी, हे एकानेही विचारलं नाही. मी फोन केला तेव्हा कळलं की कोणीच सांगितली नव्हती, ऑफिसच्या पॅकेजमधे होती. अगं, पॅकेजमधे बादली आली तर घ्यावी. तपासणी घेऊ नये.

हे वाक्य माझं नाही. आमच्या डॉक्टरांचं आहे. तुझी सुजाताताई आज फोनवर तुझ्याशी तासन्‌तास भांडते ना, ती ज्यांच्यामुळे भांडायला राहिली, ते डॉक्टर. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. म्हणून हे लिहायला बसले.

त्यांची रक्त तपासायची लॅब कळव्यात आमच्या घराच्या मागच्या गल्लीत होती. मी काउंटरला. नाव, वय, उपाशीपोटी आलात की खाऊन, एवढं विचारायचं आणि पावती फाडायची. डॉक्टर आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. उंच, वाकलेले, शर्टाला इस्त्री नाही, आणि गळ्यात टेप. इतर डॉक्टरांच्या गळ्यात कानाला लावायची नळी असते, यांच्या गळ्यात शिंप्याची टेप, पिवळी. शेजारच्या लेडीज टेलरकडून घेतलेली. त्यामुळे लोकांचा घोटाळा व्हायचा. एकदा एक बाई थेट आत गेली आणि ब्लाउजपीस टेबलावर ठेवून म्हणाली, "बाही कोपरापर्यंत घ्या." डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, साडी घोट्याच्या वर घ्यायला सांगितली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि ब्लाउजपीस परत दिला. म्हणाले, "पाय चांगले आहेत. बाही मला येत नाही."

ती बाई पुढे कायम आमच्याकडेच रक्त तपासायला यायची. ब्लाउज कुठे शिवला, माहीत नाही.

त्यांचा नेमच होता तो. रक्त द्यायला कोणी आलं की आधी "दोन्ही पाय दाखवा." एक दाखवून चालायचं नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतले कामगार यायचे, दिवसभर मशीनपाशी उभे राहणारे. ते कुरकुरायचे. "साहेब, साखर तपासायला आलोय, पॅन्ट शिवायला नाही." डॉक्टर टेप काढून उभेच. "साखर हातातून काढू. पाय आहेत तर बघून घेतो." एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड लागला, गरम लागला, तर तपासणी राहायची बाजूला. त्याला समोर बसवून प्रश्न सुरू. लांबचा प्रवास झाला? अंथरुणाला खिळून होता? ऑपरेशन? दम लागतो? आणि मग चिठ्ठी हातात देऊन आजच्या आज मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचे. चिठ्ठीचे पैसे नाहीत. बहुतेकांचं काही निघायचं नाही. मग ते परत येऊन काउंटरवर माझ्याशी भांडायचे. डॉक्टरांशी भांडायला कोणी जात नसे, कारण ते भांडणाऱ्याचेही पाय बघायचे.

बाहेरच्या बाकावर लोक थांबायचे, त्यांनाही सूट नव्हती. डॉक्टर मधेच दारात येऊन म्हणायचे, "टाचा." की सगळ्यांनी बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या. पोटरी हलली की पायातलं रक्त वर चढतं, असं त्यांचं म्हणणं. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, इथे काही प्रार्थना चालू आहे. तोही गपचूप करायचा. स्वतः डॉक्टर जेवताना उभे. फोनवर बोलताना टेबलाभोवती फिरायचे, आणि तो जुना वायरवाला फोन, त्यामुळे बोलणं संपेपर्यंत टेबलाला वायरचे वेढे बसलेले असायचे. मग मी सोडवायचे.

भिंतीवर त्यांनी एक पाटी रंगवून घेतली होती. ‘नॉर्मल आहे का, असे विचारू नये.’ खाली कारण वगैरे काही नाही. लोक पाटी वाचायचे आणि विचारायचे, "म्हणजे नॉर्मल नाहीये का?" 

आणखी एक खोड सांगते. रिपोर्टमधे आकडा इकडचा तिकडे गेला की तो ठळक छापतात, तू बघितलंस ना तुझ्यात? आमच्या कॉम्प्युटरमधे त्यांनी ते ठळक बंदच करून टाकलं. म्हणाले, "लोक आकडा वाचत नाहीत, शाई वाचतात." एक गृहस्थ तावातावाने आले. "दुसरीकडे ह्याच पैशात ठळक करून देतात!" डॉक्टरांनी माझ्याकडचं पेन घेतलं, त्यांच्या नावावरून दोनदा फिरवलं आणि कागद परत दिला. "घ्या. तुम्हीच ठळक."

तर आता तुझ्या त्या डी-डायमरचं. असाच एक साहेब आला होता, चांगला टाय-बिय लावलेला. पॅकेजची यादीच घेऊन आलेला. म्हणे, "डी-डायमर पण टाका."

"का?" डॉक्टर.

"का म्हणजे? गुठळीचं कळतं ना त्याच्याने."

"पाय दाखवा. दोन्ही." बघितले. मोजले. "दम लागतो? छातीत दुखतं? कुठे पडून होता?"

"काही नाही हो. नुसतं चेक करायचंय."

"मग नाही करणार."

"अहो, पैसे देतोय मी!"

"ते दिसतंय."

साहेब लाल झाला. मग डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी नेलं. खाली आमच्या बिल्डिंगचा वॉचमन होता. त्याचा आवाज असा की कळव्यात ओरडला तर तुझ्या माजिवड्याला कोणीतरी वळून बघेल. आणि तो सगळ्यांवर ओरडायचा. दूधवाल्यावर, मांजरावर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर पण. डॉक्टर म्हणाले, "ही तपासणी म्हणजे हा माणूस. शरीरात कुठे गुठळी होऊन विरघळायला लागली की हा ओरडतो. पण ताप आला, ऑपरेशन झालं, मार लागला, बाई गरोदर असली, नुसतं वय झालं, तरी ओरडतो. तो ओरडला म्हणजे चोर आला असं नाही. संशय थोडासाच असेल आणि हा गप्प असेल, तर समजायचं, कोणी आलेलं नाही. तेवढ्याच कामाचा आहे तो. उगाच त्याला उठवून विचारलंत, तर तो काहीतरी ओरडणार, आणि तुम्ही रात्रभर जागे."

साहेब म्हणाला, "आणि संशय मोठा असला तर?"

"मागची भिंत पडलेली समोर दिसत असली, तर वॉचमनला विचारत बसायचं नाही. आत जाऊन बघायचं."

साहेब निघून गेला. तपासणी त्याने दुसरीकडे केली असणार. माझ्या मात्र डोक्यात वॉचमन राहिला तो राहिलाच.

आता सुजाताचं. तुला ते अर्धवट माहीत आहे, तू तेव्हा शाळेत होतीस. तिचं सिझर झालं, मुलगी झाली, आणि ती बाळंतपणाला आमच्याकडे. बाळंतिणीचा कारभार माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात. त्या घरात मोठ्या. त्यांचे नियम पक्के. फरशीवर पाय टाकायचा नाही, गार लागतं. सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही. पंखा बंद, कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी. आणि पाणी घोटभरच, जास्त प्यायली तर पोट सुटतं. माझी लेक आधीच ऑपरेशनची, तिलाही पडून राहायला बरं वाटायचं. संडासाला जाऊन आली की झालं, पुन्हा आडवी.

मग तिचा डावा पाय जड पडला. "आई, पाय ओढल्यासारखा वाटतो गं." मी जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वारं लागलंय. सांगत होते, चादर नीट घ्या." शेवंताबाई मालिशला यायच्या, त्यांना सांगून त्या पायाला जास्तीची मालिश सुरू झाली. लसूण घालून कढवलेलं तेल, वर शेक. शेवंताबाईंचा हात म्हणजे असा की पोळपाट सपाट होईल. सुजाता रडायची. जाऊबाई म्हणायच्या, "वात निघतोय, दुखणारच." सूज वाढली तसं तेल वाढलं.

अशात बारसं आलं. मी डॉक्टरांना बोलावलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. कुठल्या समारंभाला गेलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते आले. गळ्यात टेप. हातात भेट म्हणून पाण्याचा मोठा स्टीलचा जग, कागदात न गुंडाळलेला. जाऊबाईंनी तो घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

घर भरलेलं. सुजाताच्या सासरची माणसं, शेजारपाजार. पुढे बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, पाळणा सजवलेला. सुजाता खुर्चीवर, मांडीवर शाल पायापर्यंत. त्रिसरण-पंचशील सुरू झालं. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी जरा उघडून बघते तर डॉक्टरांचेही हात जोडलेले, पण डोळे उघडे. आणि ते कुठे बघताहेत? शालीच्या खालच्या काठाकडे.

वंदना संपली. आत्याबाई नाव सांगायला पाळण्याकडे वाकल्या. तेवढ्यात डॉक्टर बोलले, "पैंजण एकाच पायात का आहे?"

आत्याबाई वाकल्या वाकल्याच वळून बघायला लागल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "डाव्यातलं काचत होतं, काढलं. का?"

"दोन्ही पाय दाखवा."

माझ्या विहीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, "बाळ बघायला आलेत की बाळंतिणीचे पाय?" जावई बिचारा पुढे झाला, काय करावं त्याला सुचेना. डॉक्टर खाली बसले, फरशीवर, आणि मी, अगं, मी बारा वर्षं त्या काउंटरला बसलेली, माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी शाल वर केली. आम्हाला घरात तेलाच्या वासाची सवय झाली होती, पायाचीही झाली होती. दोन्ही पाय शेजारी शेजारी असे त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितले. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. कातडी ताणून चकाकत होती. तो तिचा पाय वाटत नव्हता, कोणाचा तरी आणून लावल्यासारखा वाटत होता.

डॉक्टरांनी आधी उजवी पोटरी मोजली, मग डावी. आकडा सांगितला नाही. टेप परत गळ्यात घातली आणि म्हणाले, "गाडी आणा."

जाऊबाई उसळल्या. "गाडी कशाला? पाय सुजलाय, बाळंतिणीचा सुजतोच. फारच वाटत असेल तर आधी रक्त तपासा की! तुमचीच तर लॅब आहे."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"वॉचमन ओरडणारच. घरात बारसं आहे."

जाऊबाईंना वाटलं, माणूस बिघडला. खोलीत मला एकटीला कळलं ते काय म्हणाले. नुकतंच मूल झालेलं, पोट कापलेलं, अशा बाईचं ते डी-डायमर असंही वाढलेलंच असणार. त्याला विचारून काय मिळणार होतं? आणि मागची भिंत तर समोर पडलेली दिसत होती. मी जावयाला म्हटलं, "मित्राची गाडी खाली आहे ना? चावी घे."

"मालिश कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं.

शेवंताबाई जेवणाच्या पंगतीच्या तयारीत होत्या. त्यांनी अभिमानाने हात वर केला.

"या पायाला आता हात लावायचा नाही. चोळून गुठळी सुटली तर फुप्फुसात जाईल."

शेवंताबाईंचा हात वरच राहिला.

"अहो, पण नाव तरी ठेवू द्या," विहीणबाई काकुळतीला आल्या. "पाच मिनिटांचं काम. पाळण्याजवळ उभ्या आहेत सगळ्या."

डॉक्टर म्हणाले, "नाव कुठे पळून जात नाही."

मग पूल ओलांडून ठाण्याला. मागच्या सीटवर सुजाता पाय पसरून, तिचं डोकं माझ्या मांडीवर. बाळ विहीणबाईंकडे, मागून रिक्षात. डॉक्टर पुढे, जावयाशेजारी. सुजाता म्हणाली, "आई, छातीत काही होत नाहीये ना मला?" स्वतःच्या छातीत काय होतंय हे ती मला विचारत होती. मी म्हटलं, "नाही गं." डॉक्टर मागे वळले नाहीत. फक्त त्यांच्या टाचा वर-खाली होत होत्या, मला सीटखालून दिसत होतं.

हॉस्पिटलात पायाची डॉप्लर केली. सोनोग्राफीसारखंच असतं ते. तिथली डॉक्टर मुलगी मशीनने शीर दाबून बघत होती. रिकामी शीर दाबली की चपटी होते. ही होत नव्हती. मांडीपर्यंत गुठळी. लगेच पोटावर इंजेक्शनं सुरू, मग पुढे कित्येक महिने गोळ्या. त्या मुलीने विचारलं, "कोणी पाठवलं तुम्हाला?" मी बोट दाखवलं. डॉक्टर कॉरिडॉरमधे फेऱ्या मारत होते. गळ्यातली टेप बघून ती म्हणाली, "टेलर आहेत का?"

मी हो म्हटलं. कुठे समजावत बसू?

नंतर बाकावर ते माझ्याशेजारी आले. बसले नाहीत, उभेच. मी म्हटलं, "डॉक्टर, हा टेपचा नाद तुम्हाला लागला कुठून?" ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्याकडे पण असंच शेकत होते."

"कोणाला?"

"धाकट्या बहिणीला."

आणि पुन्हा फेऱ्या मारायला गेले. इतक्या वर्षांत स्वतःच्या घराबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

बाळाचं नाव दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या खाटेवर ठेवलं. पाळणा नाही, गाणं नाही. आत्याबाईंनी कानात सांगितलं, "समता", नर्सने पेढा घेतला, आणि सुजाता जग भरून पाणी प्यायली. स्टीलचा जग जाऊबाईंनीच आणलेला घरून. आणि त्यानंतर कोणाचंही बाळंतपण असो, त्या पहिल्या जाऊन सांगतात, "पाणी द्या भरपूर. हळूहळू चालवा तिला. आमच्यात पहिल्यापासून असंच आहे." शपथेवर सांगतात गं. शेवंताबाई पण आता मालिशच्या आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

आता लॅब नाही. घरी येऊन रक्त नेणारी पोरं आली, पॅकेजं आली, आमच्याकडचा बाक रिकामा पडला. डॉक्टर म्हणाले, "रक्त नेतात, पाय तिथेच ठेवून जातात," आणि कुलूप लावलं. पाटी मी मागून घेतली, ती आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलीय. येणारे वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकटा जीव. घरी आल्यापासून रविवारी जावई त्यांना आमच्याकडे आणतो, खिडकीपाशी बसवतो. सुजाता आली की चहाच्या आधी त्यांच्या समोर फरशीवर बसते. त्यांच्याच गळ्यातली टेप काढते आणि त्यांच्या पोटऱ्या मोजते. आधी चांगली, मग ऑपरेशनची. समता शेजारी उभी राहून बघते. आकडा सुजाता सांगत नाही, त्यांच्यासारखीच. मागच्या रविवारी तिने टेप गुंडाळली तरी डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग घसा खाकरून, हळू आवाजात, कोणी ऐकत नाही ना असं बघून म्हणाले, "नॉर्मल आहे का?"

सुजाताने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

त्यांनी पाटी वाचली. पूर्ण वाचली, जशी काही नवीन आहे. मग टाचा वर-खाली करायला लागले. सुजाता तशीच बसून राहिली त्यांच्या पायाशी, टेप हातात धरून. तिला उठायला वेळ लागला.

तर पोरी, ऐक. उद्या चांगल्या डॉक्टरांकडे जा आणि तो कागद दाखव. नुसता आकडा वाचणारा नको, तुला चार प्रश्न विचारणारा बघ. बहुतेक काही नसेल. पण पाय एकच सुजला किंवा दम लागला, तर ग्रुपवर रडका चेहरा टाकत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि ऑफिसात दिवसभर त्या खुर्चीत बसतेस ना? टाचा.

मग रविवारी इकडे ये. डॉक्टर येतात, सुजाता येते, मी माठाची भाजी करते. रिपोर्ट आणू नकोस. दोन्ही पाय घेऊन ये, एवढंच.